औषधाच्या वेष्टनावरील दोन अक्षरें

आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर आपण एक लहानसें काम करावें, अशी माझी विनंती आहे. घरांतील औषधांचा डबा उघडून त्यांतील एखादी गोळ्यांची पट्टी किंवा बाटली दिव्याजवळ धरून पाहावी. औषधाच्या नांवापुढें पुष्कळदां ‘आय. पी.’ अशीं दोन अक्षरें बारीक ठशांत छापलेलीं आढळतील. डॉक्टर तीं उच्चारीत नाहींत, औषधविक्रेता तीं वाचून दाखवीत नाहीं, आणि आपण तर तिकडे पाहतहि नाहीं. तथापि औषध वाईट निघालें आणि प्रकरण न्यायालयांत गेलें, तर सारा वाद बहुधा याच दोन अक्षरांपाशीं येऊन ठेपतो.

हीं एका ग्रंथाचीं आद्याक्षरें आहेत. ‘इंडियन फार्माकोपिया’, म्हणजे भारतीय औषधकोश, हें त्या ग्रंथाचें नांव. अमुक औषध ओळखावें कसें, त्यांत मूळ द्रव्य किती असावें, अशुद्धता किती चालावी आणि हें सर्व कोणत्या कसोटीनें पारखावें, याचा तपशील त्यांत दिलेला असतो. हा ग्रंथ कायदा नव्हे. तो कोणत्याहि विधिमंडळानें मंजूर केलेला नाहीं. तरीहि कायदा त्याच्याकडे बोट दाखवितो, आणि तेवढ्यामुळें त्यांतील प्रमाण न पाळणारा कारखानदार तुरुंगांत जाऊं शकतो. मग साहजिकच प्रश्न उभा राहतो कीं, या ग्रंथाला हें बळ मिळतें कोठून, आणि तें त्याच्यापासून जातें केव्हां व कसें? आज आपणांस याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

या विचारासाठीं फार दूर जावयास नको. पुण्याहून मुंबईच्या रस्त्यानें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत पिंपरी लागतें. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढें चाकण हा सारा टापू आज मोटारी, त्यांचे सुटे भाग आणि यंत्रें यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु या टापूच्या औद्योगिक इतिहासाच्या आरंभींच्या पानावर मोटार नसून औषध आहे. १९५४ सालीं ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ ही सरकारी कंपनी पिंपरीस स्थापन झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें उभारलेल्या तिच्या कारखान्यांत १९५५ सालीं पेनिसिलिन तयार होऊं लागलें. योगायोग असा कीं, भारतीय औषधकोशाची पहिली आवृत्तीहि १९५५ चीच आहे. औषध आणि तें मोजण्याची काठी, दोन्ही एकाच सालीं आपल्या घरचीं झालीं.

पेनिसिलिन हें बुरशीपासून मिळणारें द्रव्य आहे. कुपींतील त्याची पांढरी पूड डोळ्यांनीं पाहून कांहींच कळत नाहीं. ती रोग्याला वांचवील, निरुपयोगी ठरेल, कीं अंगांत जाऊन थंडी वाजवील, हें प्रयोगशाळेंतच ठरतें. अशा हजारों औषधांच्या कसोट्या कायद्याच्या कलमांत कशा लिहावयाच्या? त्या लिहिल्या तरी रसायनशास्त्र पुढें सरकेल तशा त्या वारंवार बदलाव्या लागतील, आणि प्रत्येक वेळीं संसदेची वाट पाहावी लागेल.

म्हणून आपल्या औषधविषयक कायद्यानें निराळी वाट धरली. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं १९३०–३१ सालीं औषधांची चौकशी करणारी समिती बसली होती; त्यानंतर दहा वर्षांनीं, १९४० सालीं, हा कायदा झाला. त्याचें १६ वें कलम म्हणतें कीं, दुसऱ्या अनुसूचींत सांगितलेल्या प्रमाणाशीं जुळणारें औषध तें प्रमाणित दर्जाचें. अनुसूची म्हणजे कायद्याच्या अखेरीस जोडलेली यादी. आणि ती यादी उघडून पाहावी, तर ती सांगते कीं, भारतीय औषधकोशांत असलेल्या औषधाचें प्रमाण त्या कोशांत पाहावें. १८ वें कलम प्रमाणित दर्जाचें नसलेलें औषध तयार करण्यास व विकण्यास मनाई करतें, आणि २७ वें कलम शिक्षा सांगतें. कलमाकडून अनुसूचीकडे, अनुसूचीकडून ग्रंथाकडे, असा हा हातांतून हात जाणारा व्यवहार आहे.

यांत पहिली ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, ग्रंथाचें बळ त्याच्या पानांत नसतें. २०१६ सालच्या नोव्हेंबरांतील ती रात्र आपणांस आठवत असेल. पांचशें व हजार रुपयांच्या नोटांवरील कागद, शाई, आंकडा आणि सही दुसऱ्या दिवशीं सकाळींहि जशींच्या तशींच होतीं. गेलें होतें तें कायद्याचें बळ. कायद्यानें निर्देशिलेल्या बाहेरच्या ग्रंथाचेंहि असेंच असतें. त्याचें एक अक्षर न पुसतां त्याचें बळ जाऊं शकतें.

आतां कायदा बाहेरच्या लिखाणाकडे दोन प्रकारांनीं बोट दाखवूं शकतो, आणि या दोहोंतील भेद समजला म्हणजे अर्धा विषय समजला. एका प्रकारांत कायदा त्या लिखाणाचा जणूं फोटो काढून आपल्याजवळ ठेवतो. मूळ माणूस पुढें म्हातारा होवो वा मरण पावो, फोटोंतला चेहरा बदलत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत कायदा आरसा धरतो. आरशासमोर आज जो उभा असेल तोच त्यांत दिसतो. कालचा माणूस बाजूला झाला कीं त्याचें प्रतिबिंबहि जातें.

फोटोच्या प्रकाराचा एक जुना आणि प्रसिद्ध दाखला आहे. तो आरोग्याच्या कायद्यांतला नव्हे, जमिनीच्या कायद्यांतला आहे. पण तत्त्व तेंच. कलकत्ता शहराच्या सुधारणेसाठीं १९११ सालीं जो कायदा झाला, त्यानें १८९४ च्या भूसंपादन कायद्यांतील तरतुदी आपल्या पोटांत घेतल्या. पुढें १९२१ सालीं मूळ भूसंपादन कायद्यांत दुरुस्ती होऊन अपिलाचा नवा हक्क मिळाला. तो हक्क कलकत्त्याच्या कायद्याखालील प्रकरणांतहि मिळतो काय, हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला. १९३१ सालीं निकाल झाला कीं, मिळत नाहीं. १९११ सालीं जें पोटांत घेतलें तेंच तेथें राहिलें, मागाहूनची दुरुस्ती आपोआप आंत शिरत नाहीं. आपली न्यायालयें आजहि या निकालाचा आधार घेतात, जरी त्यांनीं पुढें त्याला कांहीं अपवाद मान्य केले आहेत.

औषधांच्या कायद्यानें मात्र आरसा पत्करला. दुसऱ्या अनुसूचींत ‘त्या त्या वेळीं अंमलांत असलेली’ औषधकोशाची आवृत्ती, असे शब्द आहेत. हे शब्द मुद्दाम घालावे लागले. एक कायदा रद्द होऊन त्याच्या जागीं दुसरा आला, तर जुन्या कायद्याचा उल्लेख नव्याला लागू समजावा, असें १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचें ८ वें कलम सांगतें. परंतु ती सोय कायद्यांपुरती आहे. ग्रंथांना ती मिळत नाहीं. ग्रंथाची जुनी आवृत्ती जाऊन नवी यावयाची, तर तशी वाट कायद्यानें स्वतःच मोकळी ठेवावी लागते.

अशा आरशासमोरून ग्रंथ कसकसा दूर होतो, हें आतां पाहूं.

पहिला मार्ग सरळ आहे. नवी आवृत्ती अंमलांत आली कीं जुनी निवृत्त होते. औषधकोशाच्या १९५५, १९६६, १९८५, १९९६, २००७, २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशा नऊ आवृत्त्या २०२२ पर्यंत झाल्या. गाझियाबाद येथील औषधकोश आयोग २००९ पासून हें काम पाहतो. आवृत्ती बदलल्यानें काय फरक पडतो, याचें एक उदाहरण देतों. इंजेक्शनच्या औषधांत ताप आणणारे अंश आहेत कीं काय, हें पूर्वीं सशाला तें औषध टोंचून त्याच्या अंगाची उष्णता मोजून ठरवीत. २०१८ च्या आवृत्तींत इंजेक्शनच्या औषधांच्या नोंदींत सशाच्या जागीं जंतुजन्य विषाची, म्हणजे एंडोटॉक्सिनची, चांचणी आली. विज्ञानाच्या दृष्टीनें ही सुधारणा होय. परंतु त्या दिवसापासून कायद्यानें मागितलेली कसोटी निराळी झाली, आणि हें घडत असतां कायद्यांतील एक अक्षरहि बदललें नाहीं. जुनी आवृत्ती कपाटांतच होती. फक्त आरशांत दुसरा चेहरा आला.

दुसरा मार्ग अधिक गुंतागुंतीचा आहे. समजा, एखादें औषध १९८५ च्या आवृत्तींत होतें आणि १९९६ च्या आवृत्तींतून तें गळलें. मग त्याचें प्रमाण कोणतें? येथें अनुसूची एक सवलत देते. चालू आवृत्तींत औषध नसेल, पण लगतच्या मागील आवृत्तींत असेल, तर मागील आवृत्तींतील प्रमाण लागू समजावें, असें ती म्हणते. म्हणजे १९९६ नंतरहि त्या एका औषधापुरती १९८५ ची आवृत्ती जिवंत राहिली. पण ही सवलत एकाच पायरीची आहे. २००७ ची आवृत्ती आली तेव्हां ‘लगतची मागील’ आवृत्ती १९९६ ची झाली, आणि तिच्यांत तें औषध नाहींच. त्या क्षणीं १९८५ च्या पानाचें उरलेलें बळहि संपलें. कोणी तें रद्द केलें नाहीं. राजपत्रांत त्या पानाच्या मृत्यूची वार्ता छापली गेली नाहीं. आजोबांचें नांव नातवाच्या दाखल्यांत येतें, पणतवाच्या दाखल्यांत येत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

आणि येथेंच आपल्यासारख्या सामान्य गृहस्थाचा खरा संबंध येतो. भारतीय कोशांतून असें सुटलेलें औषध दुसऱ्या एखाद्या देशाच्या अधिकृत औषधकोशांत असेल, तर अनुसूची तिकडे बोट दाखविते. तेंहि नसेल, तर तें औषध मालकीच्या औषधांच्या वर्गांत जाऊन पडतें. त्या वर्गाचें प्रमाण म्हणजे कारखानदारानें स्वतः वेष्टनावर छापलेली घटकद्रव्यांची यादी आणि नियमांत सांगितलेल्या कांहीं सर्वसाधारण अटी. म्हणजे मोजण्याची काठी सार्वजनिक ग्रंथाच्या हातून निघून बऱ्याच अंशीं विकणाराच्याच हातीं जाते. विकणारा लबाडच असतो, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्याचा माल त्याचेंच माप, ही स्थिति आणि सर्वांच्या देखत ठेवलेलें एकच माप, ही स्थिति, यांत अंतर आहे. आणि तें अंतर एखादी आवृत्ती बदलतांना, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां पडूं शकतें.

तिसरा मार्ग म्हणजे पहिल्या क्रमांकावरून खालीं येणें. १९५५ पूर्वीं आपल्याकडील औषधांस ब्रिटिश फार्माकोपिया हाच मुख्य प्रमाणग्रंथ होता. तो आजहि लंडनहून प्रसिद्ध होतो आणि त्याची विद्वत्ता तिळभर कमी झालेली नाहीं. परंतु आपल्या कोशांत जें औषध आलें, त्याच्यापुरता तो आपल्या कायद्याच्या दृष्टीनें मुका झाला. आपल्या कोशांत नसलेल्या औषधापुरतेंच त्याला आतां बोलतां येतें. पिंपरीच्या प्रयोगशाळेंत तो अभ्यासाला उपयोगी पडेल. खटल्यांत मात्र जें औषध आपल्या कोशांत आहे, त्यासाठीं त्याचा आधार चालणार नाहीं.

चौथा मार्ग हा कीं, कायद्यानें दाखविलेलें बोटच मागें घेणें. याचें उदाहरण चाकणच्या कोणत्याहि कारखान्याच्या उपाहारगृहांत टेबलावर सांपडेल, तें म्हणजे पाण्याची बंद बाटली. अन्नविषयक नियमांप्रमाणें अशा पाण्यावर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह असल्यावांचून तें विकतां येत नसे. २०२४ सालच्या ऑक्टोबरांत अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणानें ही सक्ति नियमांतून काढून टाकली, आणि पुढच्याच महिन्यांत हें पाणी अधिक धोक्याच्या अन्नवर्गांत घालून त्याची तपासणी आपल्या हातीं घेतली. ब्यूरोचा मानकग्रंथ त्या दिवशीं होता तसाच राहिला. प्राधिकरणाचीं स्वतःचीं प्रमाणेंहि राहिलीं. गेली ती फक्त सक्ति. एकाच गोष्टीसाठीं दोन दारें कशाला, हा त्यामागील विचार असमंजस म्हणतां येणार नाहीं. पण बाटलीवरील ओळखीचें चिन्ह पाहून निश्चिंत होणाऱ्या गृहिणीला हा बदल कोणी सांगितला? चिन्ह दिसलें नाहीं तर तो गुन्हा, असें जें ती समजत होती, तें आतां खरें राहिलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, हा सारा वकिलांचा खेळ आहे. आम्हांस औषध शुद्ध मिळालें म्हणजे झालें. पण औषध शुद्ध म्हणजे काय, हें ठरवावयाचें तरी कशावरून? १९८६ च्या आरंभीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरीन दिल्यामुळें चौदा रुग्ण दगावले. तें औद्योगिक कामाचें ग्लिसरीन होतें आणि त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष होतें. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी करून १९८७ सालीं अहवाल दिला. बाटलींत पाहिलें तर औषधी ग्लिसरीन आणि कारखान्याचें ग्लिसरीन दोन्ही सारखींच गोड व चिकट. त्यांतील भेद सांगणारी गोष्ट एकच, ग्रंथांतील कसोटी आणि ती खरोखर लावली कीं नाहीं हा प्रश्न.

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनीं, २०२५ च्या सप्टेंबर–ऑक्टोबरांत, तेंच विष खोकल्याच्या औषधांत निघालें आणि मध्यप्रदेशांतील छिंदवाडा भागांत वीसहून अधिक बालकें दगावलीं. त्यांतील कित्येकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. त्यानंतर, पिण्याचें औषध तयार होऊन बाजारांत जाण्यापूर्वींहि त्याची या विषासाठीं चांचणी व्हावी, अशी दुरुस्ती औषधकोशांत करण्यांत आली. यावरून असें दिसेल कीं, जुन्या पानाचें बळ जाणें ही नेहमींच हानि नसते. कित्येकदां जुन्या पानाला फार काळ बळ राहणें हीच हानि असते. आरसा धरणारा कायदा म्हणूनच फोटो ठेवणाऱ्या कायद्यापेक्षां आरोग्याच्या बाबतींत अधिक हितकर आहे. मात्र आरशांत आज कोण उभें आहे, हें लोकांना कळलें पाहिजे.

न्यायालयांतहि हाच प्रश्न तारखेच्या रूपानें येतो. निरीक्षक औषधाचा नमुना घेतो, त्याचे भाग करून एक ज्याच्याकडून घेतला त्याला देतो आणि एक सरकारी विश्लेषकाकडे पाठवितो. विश्लेषकाच्या अहवालांत लावलेल्या कसोट्यांचा तपशील द्यावा लागतो. हा अहवाल निर्णायक पुरावा मानला जातो. ज्याला तो मान्य नसेल त्यानें अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आंत तसें कळवावें लागतें. आतां औषध एका आवृत्तीच्या काळांत तयार झालें आणि तपासणी दुसरीच्या काळांत झाली तर? कृत्य घडलें त्या वेळीं जो कायदा अंमलांत होता तो मोडल्यावांचून कोणाला दोषी ठरवितां येत नाहीं, असें आपल्या संविधानाचा २० वा अनुच्छेद सांगतो. तेव्हां तयार करण्याच्या गुन्ह्याला तयार केल्याचा दिवस पाहावयाचा. विक्री हें मात्र निराळें कृत्य, आणि तिचा दिवसहि निराळा. वेष्टनावर तयार केल्याची तारीख छापावी लागते, ती केवळ औषध शिळें झालें कीं नाहीं हें कळण्यासाठीं नव्हे. तें औषध कोणत्या पानासमोर जन्मलें, हेंहि तीच तारीख सांगते.

एक गाऱ्हाणें मात्र मांडल्यावांचून राहवत नाहीं. सरकारला दुसरी अनुसूची बदलावयाची असेल, तर १६ व्या कलमाप्रमाणें तीन महिन्यांची पूर्वसूचना राजपत्रांत द्यावी लागते. आवृत्ती बदलली तर अनुसूची जशीच्या तशीच राहते, म्हणून त्या कलमाची ही सूचना आड येत नाहीं. शिवाय ग्रंथाची किंमत कित्येक हजार रुपये असते. कायदा कोणालाहि वाचतां यावा, हें तत्त्व आपण मानतों. मग कायद्याचें बळ ज्या पानांना दिलें, तीं पानें कोणत्याहि सार्वजनिक वाचनालयांत उघडून पाहतां येऊं नयेत काय? प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर कोणतीं औषधें गळलीं आणि त्यांचें माप यापुढें कोणाच्या हातीं राहिलें, याची एक साधी यादी मराठींत प्रसिद्ध व्हावी. तिला फार खर्च येणार नाहीं.

तोंवर आपण काय करावें? औषधाची पावती जपून ठेवावी. पट्टी कापून घेतांना नांव, घाणा-क्रमांक आणि तयार केल्याची तारीख असलेला भाग फेकूं नये. संशय आल्यास स्वस्थ बसूं नये. कारण त्याच कायद्याचें २६ वें कलम कोणाहि खरेदीदाराला, ठरलेली फी भरून, आपण विकत घेतलेलें औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क देतें. फार थोड्यांना हा हक्क माहीत आहे. आणि अहवाल हातीं आला म्हणजे एवढेंच विचारावें: ही कसोटी कोणत्या ग्रंथाची, कोणत्या आवृत्तीची आणि कोणत्या दिवशीं अंमलांत असलेली? ज्याला हे तीन प्रश्न विचारतां आले, त्याला त्या दोन अक्षरांचा अर्थ कळला असें समजावें.

श्रोतेहो, आतां तो औषधांचा डबा पुन्हां बंद करावयास हरकत नाहीं.